‘नो इम्प्रूव्हमेंट’ कधी निवडायचं? सीजीएलच्या वाक्य-सुधारणेबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या पंचवटीतल्या अभ्यासिकेत बसून सीजीएलची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या भरती परीक्षेची तयारी चालू आहे, शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं, व्याकरणाच्या नियमांची वही दोनदा वाचून झाली, तरी सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटचे (वाक्यातल्या अधोरेखित भागाच्या जागी योग्य पर्याय निवडायचे) दहा प्रश्न सोडवले की पाच-सहाच बरोबर येतात. ‘नो इम्प्रूव्हमेंट’, म्हणजे मूळ वाक्यच बरोबर, हा पर्याय दिसला की गोंधळ उडतो. रोज किती प्रश्न सोडवावेत आणि कॉलेज रोडला क्लास लावावा का, हेही विचारलं आहे.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: ‘चारही पर्याय मनात वाचून बघते आणि जो बरा वाटतो तो निवडते.’ घोडं इथेच अडलं आहे. वहीतले नियम कमी पडत नाहीयेत, निवड करायच्या क्षणी ते वापरलेच जात नाहीयेत. ‘बरं वाटणं’ हे कानाचं काम. तुमचा कान मराठीवर घडलेला आहे आणि मराठीसाठी तो उत्तमच आहे. पण इंग्रजी वाक्य त्याच्यापुढे ठेवलं की तो मराठी मापानं मोजतो. प्रश्न काढणाऱ्याला आपल्याकडच्या मुलांचा कान कुठे घसरतो हे पक्कं ठाऊक असतं, आणि चुकीचे पर्याय तो नेमके तिथेच पेरतो.

पुढचं सगळं सीजीएल धरून लिहितोय. (एसएससी म्हटलं की आपल्याकडे घरच्यांना दहावीच आठवते, म्हणून सीजीएलच म्हणू.) परीक्षा बदलली की हिशेबही बदलतो. सीजीएलच्या टियर वनला (पहिल्या टप्प्याला) इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. टियर टूला (दुसऱ्या टप्प्याला) इंग्रजीचे ४५ प्रश्न, १३५ गुण, चुकीला एक गुण वजा. सीडीएसमध्ये (सैन्यदलातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेत) इंग्रजीचा वेगळा पेपर असतो, १२० प्रश्न आणि दोन तास, चुकीला एक तृतीयांश वजा. रद्दीच्या दुकानातून कुणी जीमॅटची (एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेची) जुनी जाडजूड पुस्तकं आणून ‘सेंटेन्स करेक्शन यातूनच कर’ म्हणत असेल तर सध्या नको. जीमॅटच्या नव्या रूपात तो प्रश्नप्रकार उरलेला नाही, जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. त्यातली वाक्यं चांगली असतात, पण एकेक वाक्य चार-पाच ओळींचं. सीजीएलला टियर वनमध्ये १०० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे सरासरी ३६ सेकंद मिळतात. गणिताला जास्त वेळ लागणार हे धरलं तर इंग्रजीचा प्रश्न २५-३० सेकंदांत सुटला पाहिजे. त्या वेळात कान शांत ठेवून काम करायची सवय लागायला हवी.

सवय म्हणजे काय, ते एका प्रश्नावर बघू. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीतच लिहितो, स्पेलिंगऐवजी रचनेकडे लक्ष राहील.

‘द प्राइस ऑफ अनियन्स ॲट लासलगाव आर हायर दॅन पुणे.’ अधोरेखित भाग ‘आर हायर दॅन पुणे’. पर्याय असे:

१) इज हायर दॅन पुणे
२) आर हायर दॅन दॅट ॲट पुणे
३) इज हायर दॅन दॅट ॲट पुणे
४) नो इम्प्रूव्हमेंट

कानानं वाचलं तर ‘अनियन्स ॲट लासलगाव आर’ अगदी सुरळीत जातं. ‘हायर दॅन पुणे’ तर मराठीत आपण रोज बोलतो: ‘लासलगावला भाव पुण्यापेक्षा जास्त आहे.’ म्हणून घाईत हात ‘नो इम्प्रूव्हमेंट’कडे जातो, नाहीतर पहिल्याकडे.

आता कान बंद. पहिलं काम, मुख्य क्रियापद शोधा: ‘आर’. दुसरं काम, त्याला ‘काय?’ विचारा. जास्त काय आहे? भाव. ‘ऑफ अनियन्स’ आणि ‘ॲट लासलगाव’ ही वरची सालं आहेत, पेन्सिलीनं कंसात टाका. उरलं ‘द प्राइस आर’. प्राइस एक, म्हणून ‘इज’. एवढ्यात दुसरा आणि चौथा पर्याय गेला. तिसरं काम, उरलेल्या दोघांत फरक कुठे आहे तेवढंच बघा. एकात ‘पुणे’, दुसऱ्यात ‘दॅट ॲट पुणे’. म्हणजे प्रश्न तुलनेचा आहे. तुलना कशाची कशाशी? लासलगावच्या भावाची पुण्याच्या भावाशी, पुणे शहराशी नव्हे. मराठीत ‘पेक्षा’ हा प्रत्यय गावाला लावून भागतं, ऐकणारा ‘भाव’ मनात धरतो. परीक्षेच्या इंग्रजीत भावाच्या जागी ‘दॅट’ उभा करावा लागतो. उत्तर तिसरं.

आपण चारही वाक्यं पूर्ण वाचलीच नाहीत, पर्यायांमधले फरक वाचले, हे इथे लक्षात घ्या. परीक्षक चार पर्याय बनवतो तेव्हा बहुतेक वेळा एक किंवा दोनच गोष्टी बदलत असतो. पर्याय आडवे न वाचता उभे वाचा: सगळ्यांचा पहिला शब्द, मग जिथे ते वेगळे होतात ती जागा. प्रश्न कोणत्या नियमाचा आहे हे ती जागाच सांगते. तुम्ही पाठ केलेल्या वहीतला नेमका कोणता नियम काढायचा, हे ठरतं ते इथे.

एक खबरदारी मात्र हवी. पर्याय निवडल्यावर तो मूळ वाक्यात बसवून, अधोरेखित भागाच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक शब्द धरून वाचा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’मध्ये फक्त ‘मीट’ अधोरेखित असेल, तर उत्तर ‘मीटिंग’ आहे, आणि ते कळतं अलीकडच्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मुळे. पर्याय एकटाच वाचला तर ‘टू’ दिसला की पुढे साधं क्रियापद, ही शाळेतली सवय घात करते.

आता कानाबद्दल. मराठी कान कुठे घसरतो याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या फार नाहीत. तुमच्या वहीत नियम बहुधा काळ, आर्टिकल, प्रीपोझिशन अशा क्रमानं लिहिलेले असतील. त्यापेक्षा मनातल्या मराठी वाक्याप्रमाणे लावलेली यादी जास्त कामाची, कारण परीक्षेत चूक त्याच वाटेनं येते.

‘तो येत नाही तोपर्यंत मी थांबेन.’ मराठीत ‘नाही’ हवंच. म्हणून ‘आय विल वेट अंटिल ही डझ नॉट कम’ आपल्याला बरोबर वाटतं. पण ‘अंटिल’मध्ये ते ‘नाही’ आधीच शिरलेलं आहे: ‘अंटिल ही कम्स’. ‘अनलेस’चंही तेच. पर्यायात अंटिल किंवा अनलेस दिसलं की पुढे ‘नॉट’ शोधायचं आणि बहुतेक वेळा ते पकडायचं.

‘तो येईल तेव्हा सांगेन.’ इथे मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ॲज सून ॲज’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’.

‘जरी... तरी’ या जोडीमुळे ‘ऑल्दो... बट’ कानाला सुरेख वाटतं. इंग्रजीत दोघांपैकी एकच राहतो. जुन्या वळणाच्या वाक्यात ‘ऑल्दो’सोबत ‘येट’ दिसला तर तो चूक धरू नका. चूक ‘बट’ची.

‘पासून’ हा फार लबाड शब्द आहे. सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून, मराठीला दोन्हीकडे एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स मंडे’ आणि कालावधी असेल तर ‘फॉर थ्री डेज’. वर आणखी एक सापळा आहे: ‘मी पाच वर्षांपासून नाशिकला राहते’ यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स फाइव्ह इयर्स’ जिभेवर येतं. एका वाक्यात दोन चुका. हवं ते ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स’. परीक्षक बरेचदा एका पर्यायात फक्त ‘फॉर’ दुरुस्त करतो आणि काळ तसाच सोडतो. एक चूक सुधारलेली दिसली की आपण समाधान मानतो आणि तिथेच फसतो.

‘तो कुठे आहे मला माहीत नाही.’ मराठीत प्रश्न वाक्याच्या पोटात गेला तरी शब्दांचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत बदलतो: ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ चूक, ‘व्हेअर ही इज’ बरोबर. ‘आस्क्ड’, ‘नो’, ‘वंडर’, ‘टेल मी’ यांच्यानंतर व्हॉट-व्हेअर-व्हाय आलं की कर्ता आधी आहे ना, तेवढं तपासा.

सगळ्यात दगाबाज मला हे वाटतं: ‘गोदाकाठानं चालताना रामकुंड दिसलं.’ मराठीत या वाक्याला काहीच खोट नाही. चालणारा कोण हे सांगायची गरज मराठीला पडत नाही. तेच इंग्रजीत ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी, रामकुंड केम इन्टू व्ह्यू’ असं लिहिलं तर चालणारं रामकुंड ठरतं. स्वल्पविरामानंतरचा पहिला नाम-शब्द हाच आधीच्या ‘-इंग’चा मालक असतो. म्हणून ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी, आय सॉ रामकुंड’. वाक्य ‘-इंग’नं सुरू झालं आणि मग स्वल्पविराम आला, की बाकी काही बघण्याआधी मालक बघा. मराठी माध्यमातल्या हुशार मुलांनाही ही चूक दिसत नाही, कारण त्यांना अर्थ लगेच कळतो.

मग वचनं. मराठीत केस पांढरे होतात, अनेकवचन. इंग्रजीत ‘हेअर’ सहसा एकवचनी: ‘हर हेअर इज ब्लॅक’. बातम्या येतात, पण ‘द न्यूज इज’. उलट कात्री एक, चष्मा एक, पण ‘सिझर्स आर’, ‘स्पेक्टॅकल्स आर’. ‘पेअर ऑफ’ पुढे लागलं की परत ‘इज’.

प्रीपोझिशनसाठी वेगळा सिद्धांत शोधत बसू नका. मराठी प्रत्ययाचं सरळ भाषांतर जिथे चुकतं ते पंधरा-वीस शब्द पाठ करा, तेवढं पुरे. कशावर चर्चा करतो, म्हणून ‘डिसकस अबाउट’ वाटतं, पण ‘डिसकस’ला काहीच लागत नाही. नाशिकला पोहोचतो, पण ‘रीच’लाही ‘टू’ नको. खोलीत शिरताना ‘एंटर’ एकटाच. कुणाशी लग्न झालं तरी ‘मॅरिड टू’. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, प्रिफर यांना मराठीत ‘पेक्षा’ लागतो म्हणून ‘दॅन’ लावावंसं वाटतं, तिथे ‘टू’. आर्टिकल तर याहून सोपं: अक्षर नाही, उच्चार बघायचा. ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘अ युनिव्हर्सिटी’.

आता ‘नो इम्प्रूव्हमेंट’. याला घाबरणाऱ्यांचे दोन गट असतात. एकांना वाटतं, प्रश्न विचारला आहे म्हणजे चूक असणारच, आणि ते चांगल्या वाक्यात खोट शोधत बसतात. दुसऱ्यांना काही सापडलं नाही की ते निमूट हाच पर्याय निवडतात. दोघंही अंदाजानंच चालतात. हा पर्याय निवडण्याआधी ठरलेली तपासणी पूर्ण झाली पाहिजे: क्रियापद कर्त्याशी जुळतं का, काळ वाक्यातल्या वेळेच्या शब्दाशी जुळतो का, सर्वनाम कुणासाठी आलं ते स्पष्ट आहे का, जोडीचे शब्द पूर्ण आहेत का, तुलना सारख्याची सारख्याशी आहे का, प्रीपोझिशन बरोबर आहे का. सहा गोष्टी आहेत, सरावानंतर दहा-बारा सेकंदांत होतात. सहाही ठीक असतील तर बाकीच्या तीन पर्यायांकडे उलट नजरेनं बघा: प्रत्येकात नवी चूक कुठे घातली आहे? तिन्हींत चूक दाखवता आली तर ‘नो इम्प्रूव्हमेंट’ निर्धास्त निवडा.

इथे एक खास अडचण येते. काही वाक्यं कानाला साफ वाकडी वाटतात आणि बरोबर असतात. ‘हार्डली हॅड वी रीच्ड नाशिक रोड व्हेन द पंचवटी एक्सप्रेस लेफ्ट.’ सुरुवातीला ‘हार्डली’ आलं की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी येतो आणि पुढे ‘व्हेन’ लागतो. ‘नो सूनर’ असेल तर ‘दॅन’. परीक्षक या दोघांची अदलाबदल करतो. ‘मेनी अ फार्मर हॅज लॉस्ट हिज क्रॉप’ हेही बरोबर, अर्थ अनेकांचा पण क्रियापद एकवचनी. ‘इट इज टाइम वी लेफ्ट’ यात निघायचं अजून बाकी आहे तरी भूतकाळ. ‘हॅड आय नोन’ म्हणजे ‘इफ आय हॅड नोन’. ‘वाकडी पण बरोबर’ अशा वाक्यांचं वहीत वेगळं पान करा. वीसेक वाक्यं जमली की ‘नो इम्प्रूव्हमेंट’ची निम्मी भीती तिथेच संपते.

काही नियम असे आहेत की जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असतात आणि चांगले इंग्रजी लेखक ते सर्रास मोडतात. ‘इच अदर’ दोघांसाठी आणि ‘वन अनदर’ जास्त जणांसाठी, हा त्यातलाच. ‘एव्हरीवन’नंतर ‘हिज’ की ‘देअर’, हाही. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. वाक्यात दुसरी ठोस चूक असेल तर तीच विचारली आहे असं धरा. काहीच सापडलं नाही आणि पर्यायांमध्ये फरक फक्त याच गोष्टीचा असेल, तर पुस्तकी नियम पाळा.

दोन पर्यायांत अडकलात तर काय? टियर वनमध्ये २ मिळतात, अर्धा जातो. दोन पर्याय खात्रीनं बाद झाले असतील तर उरलेल्या दोघांपैकी एक निवडण्यात सरासरी पाऊण गुणाचा फायदा आहे, रिकामं सोडू नका. एकच बाद झाला असेल तरी फायदा आहे, थोडा कमी. टियर टूमध्ये ३ मिळतात, १ जातो. तिथे काहीच बाद करता आलं नसेल तर अंदाज मारून सरासरी शून्य हाती लागतं, मग वेळ वाचवा. ४० सेकंद झाली की खूण करून पुढे जा, इंग्रजीतला हट्ट गणिताच्या वेळेतून वसूल होतो.

रोज किती प्रश्न, याचं माझं उत्तर वीस, त्याहून जास्त नको. दहा-बारा मिनिटं सोडवायला आणि त्यानंतर अर्धा तास तपासायला. बहुतेकांचं उलटं असतं: शंभर प्रश्न सोडवायचे, गुण मोजायचे आणि झोपायचं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी मराठीत लिहा. पर्याय कुठे वेगळे होत होते, मी जो निवडला त्यात नेमकी काय चूक होती, आणि माझ्या मनात कोणतं मराठी वाक्य होतं. तिसरी ओळ कुणी लिहीत नाही, पण महिन्याभरानं वही उलटली की आपल्या चुकांचे गठ्ठे दिसतात ते त्या ओळीमुळे. बरोबर आलेल्या पण ‘बरं वाटलं म्हणून’ उत्तर निवडलेल्या प्रश्नांवरही खूण करा आणि त्यांना चुकलेल्यांतच मोजा. पहिले दोन आठवडे गुण कमी होतील, कारण हात सावकाश चालेल. तेवढ्यानं पद्धत सोडू नका.

जोडीला सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) किंवा तुमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एखाद्या इंग्रजी पेपरातला एक संपादकीय लेख घ्या आणि प्रत्येक वाक्याचं मुख्य क्रियापद आणि त्याचा कर्ता यांवर खूण करा. पंधरा मिनिटं पुरे. मथळ्यांवर मात्र हा प्रयोग करू नका. मथळ्यात आर्टिकल गाळतात, झालेली घटना वर्तमानकाळात लिहितात, त्यातून उलट्याच सवयी लागतात.

क्लासबद्दल: तुमच्याकडे नियम आहेत, आणि क्लासमध्ये पहिले दोन महिने तेच नियम परत मिळतील. फी भरायचीच असेल तर आधी एक तास बसून बघा. शिकवणारा बरोबर उत्तर सांगून पुढे जातो की उरलेले तीन का चूक ते फळ्यावर दाखवतो, एवढंच पाहायचं. दुसरं करत असेल तर जरूर लावा. नाहीतर अभ्यासिकेतली एक मैत्रीण गाठा, रोज पाच प्रश्न एकमेकींना मराठीत मोठ्यानं समजावून सांगा. जिथे ‘असंच असतं गं’ म्हणायची वेळ येईल, तो नियम तुम्हाला अजून आलेला नाही.

सरावासाठी आधी एसएससीच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका अंतिम उत्तरतालिकेसह घ्या, खासगी मॉक (सराव परीक्षा) नंतर. मॉकमधली उत्तरं कधी कधी सरळ चुकीची असतात, आणि अशा एखाद्या उत्तरावर विश्वास ठेवून वहीत लिहिलेला ‘नियम’ पुढे दहा प्रश्न चुकवतो. मॉकचं उत्तर पटत नसेल तर तसाच प्रश्न जुन्या प्रश्नपत्रिकांत शोधा. सापडला नाही, तर तो वहीत घेऊच नका.